घरी इंजिन ऑइल काढताना: खालून नट खोलायचा की वरून पंपाने ओढायचं?

बोनेटखाली
नमस्कार मंडळी. गेली पाच सहा वर्षं ऑइल आणि फिल्टर मी घरीच बदलतो, पेट्रोल गाडी आहे, मॅन्युअलमध्ये फिल्टरसकट ३.५ लिटर लिहिलंय. मधे एकदा वेळ नव्हता म्हणून सर्व्हिसिंग बाहेरून करून घेतलं आणि तिथेच गडबड झाली. परवा ऑइल काढायला खाली शिरलो तर चेंबरचा (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा) नट हलेचना, शेवटी रिंग पान्याला लांब पाईप लावून जोर दिला तेव्हा कर्रकन आवाज करून सुटला. आणि नट हातात आला तर त्याच्या आट्यांमध्ये चंदेरी तार गुंडाळलेली, केसासारखी बारीक, नखाने ओढली तर तीन चार वेढे निघाले. चेंबर ॲल्युमिनियमचं आहे, म्हणजे आतले आटेच सोलून आले. नवीन वायसर टाकून हलक्या हाताने बसवलाय, पण सकाळी खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर दोन थेंब असतात.
आता वाटतंय की त्या नटाला परत हातच लावू नये, डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीतून पंपाने ऑइल ओढून घ्यावं. पण मनात शंका आहे की सगळं निघतं का, तळाची घाण आतच राहते का? आणि एकाने सुचवलं की नटाच्या जागी कायमचा व्हॉल्व्ह बसव. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.

गोटीपाना
आधी एक गोष्ट, पंप घेतल्याने तुमची गळती थांबणार नाही. ऑइल वरून काढा नाहीतर खालून, भोक तिथेच आहे आणि त्यावर साडेतीन लिटरचा भार चोवीस तास आहे. आट्यांचं काम आधी करा. आटे गेलेला नट चालत्या गाडीत सुटला तर काही मिनिटांत चेंबर रिकामं, आणि ऑइल प्रेशरचा दिवा लागला की थांबायला फार वेळ मिळत नाही.
बाजारात जाड, स्वतःचे आटे स्वतः पाडत जाणारे नट मिळतात ते लावू नका, निदान ॲल्युमिनियममध्ये तरी. वाकडे बसतात, एकदा वाकडा बसला की वायसर सपाट टेकत नाही आणि मग कितीही आवळा, थेंब येतच राहतो. चांगला उपाय म्हणजे भोक थोडं मोठं करून आत भरीव स्टीलचा बुश (आतून बाहेरून आटे असलेली कडी) बसवणं, त्यात मूळ मापाचाच नट लागतो. स्प्रिंगसारख्या तारेचं इन्सर्टही चालतं, पण चेंबरसाठी मला भरीव बुशच आवडतो. टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारताना त्याच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे धातूचा कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो, दर अर्ध्या फेऱ्याला मागे फिरवा, पुसा, परत ग्रीस भरा. घाई केली तर कीस आत जाईल. शेवटी वरून अर्धा लिटर साधं ऑइल ओतून भोकातून वाहून जाऊ द्या.
आणि एक लक्षात ठेवा, ऑइल आटे अडवत नाहीत, वायसर अडवतो. नट जीव खाऊन आवळला म्हणजे गळणार नाही हा समज चुकीचा आहे आणि त्यातूनच ही वेळ येते.

बोनेटखाली
धन्यवाद काका, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मग किती आवळायचा? मी आजवर अंदाजानेच आवळत आलो.

गोटीपाना
तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असेल, तोच खरा. बहुतेक छोट्या गाड्यांना १२ किंवा १४ मिलिमीटरचा नट असतो आणि आकडा २५ ते ४० न्यूटन मीटरच्या मधे कुठेतरी येतो. टॉर्क रेंच (ठरावीक जोरालाच आवळणारा पाना) नसेल तर आखूड पाना घ्या, वायसर टेकल्याचं बोटांना कळतं, तिथून पुढे थोडंच. दाबून चपटा होणारा वायसर असेल तर तो दर वेळी नवीन. साधा तांब्याचा असेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, परत मऊ होतो. पोलादाचं उलट असतं, ते असं विझवलं की कडक होतं, तांबं मऊ होतं. पण नवीन मिळत असेल तर नवीनच टाका, एवढ्याशा गोष्टीत जीव अडकवू नका.

डिपस्टिकवाली
मी तीन वर्षं पंपानेच काढतेय म्हणून लिहिते. माझी गाडी बुटकी आहे, खाली शिरायचं म्हणजे आधी चढवा, टेकू लावा, खालचं प्लास्टिकचं गार्ड काढा, त्याचे नऊ स्क्रू, त्यातले दोन हमखास गंजलेले. पंपाने हे सगळं वाचतं. माझी पद्धत अशी की इंजिन दहा मिनिटं चालवायचं, बंद करून पाच सात मिनिटं थांबायचं, मग डिपस्टिक काढून नळी आत सरकवायची. नळी तळाला टेकली की बोटांना मऊसा ठोका जाणवतो, तिथे थांबून आणखी ढकलली तर ती आत वळते आणि टोक वर उचललं जातं, नवीन माणसाची इथेच चूक होते. टेकल्यावर केसभर मागे घ्या. मग हँडल वीस पंचवीस वेळा मारलं की पारदर्शक नळीतून काळी रेघ चढायला लागते. शेवटी गुरगुर आवाज आला, हवा ओढली जातेय असं दिसलं, की लगेच काढायचं नाही, पाच मिनिटं थांबून नळी एक दोन सेंटिमीटर वर खाली करून परत ओढायचं. माझ्याकडे दुसऱ्या ओढीत दर वेळी दीडशे दोनशे मिली आणखी येतं.
ज्यांना वाटतं ही फक्त आळशी माणसांची पद्धत आहे त्यांना सांगते, बोटींच्या इंजिनांखाली घमेलं ठेवायला जागाच नसते, तिथे वरून ओढूनच ऑइल काढतात. आणि पहिल्या पिढीच्या स्मार्ट गाडीला तर खाली नटच नव्हता, कंपनीनेच वरून ओढायचं ठरवलं होतं.

लोखंडी
मला पंप पटत नाही. खालून धार लागते ना, तिच्या जोराबरोबर तळातला गाळ पण वाहून येतो. पंपाची बारीक नळी फक्त पातळ तेवढं ओढते. शिवाय खाली गेलात की बाकीचं दिसतं, रबर बूट फाटलाय का, कुठे ओल आहे का, सायलेन्सरचा हँगर तुटलाय का. नटाला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते दिसतं. राखाडी लोण्यासारखा बारीक लेप असला तर साधी झीज, नखात धरता येईल असा कण किंवा चकचकीत पापुद्रा निघाला तर काळजीची गोष्ट. पंपवाल्यांना हे कधीच कळत नाही.

डिपस्टिकवाली
खाली बघायचा मुद्दा मान्य, तो मला पण खटकतो, म्हणून वर्षातून एकदा मी खालून काढते. पण गाळाचं मान्य नाही. ऑइल वेळेवर बदललं तर चिकटलेला गाळ नसतोच, जो काही बारीक कचरा असतो तो ऑइलमध्येच तरंगत असतो, त्यासाठीच तर त्यात डिटर्जंट घातलेलं असतं. आणि जो गाळ तळाला खरवडण्याइतका घट्ट बसलाय तो धारेने पण निघत नाही, चेंबर उतरवावं लागतं.

संथगती
या वादावर मी मागे स्वतःच्या दोन गाड्यांवर करून बघितलंय, तेच लिहितो. पहिली गाडी, क्षमता ४.२ लिटर. आधी पंपाने हवा येईपर्यंत ओढलं, नंतर खालचा नट उघडला. खालून आलं साधारण १०० मिली, म्हणजे चहाचा कपभर. पुढच्या वेळी उलटं केलं, आधी नट, अर्धा तास टपकू दिलं, नट बंद करून पंपाची नळी घातली, तर वरून ६०-७० मिली निघालं. म्हणजे या गाडीत दोन्ही पद्धती सारख्याच, कुणीही जिंकत नाही.
दुसरी गाडी मात्र वेगळी. तिचं चेंबर दोन पायऱ्यांचं आहे, पुढचा भाग उथळ, मागचा खोल, आणि डिपस्टिकची नळी उथळ भागात उतरते. पंपाने ओढून झालं असं वाटलं आणि नट उघडला तर जवळजवळ ९०० मिली खाली पडलं. मी नट उघडून बघितला नसता तर त्या ९०० मिलीवर नवीन पूर्ण क्षमतेचं ऑइल ओतलं असतं. पातळी मॅक्सच्या इतकी वर गेली की क्रँकशाफ्ट (इंजिनमधला फिरणारा मुख्य दांडा) ऑइलात आपटतो, फेस होतो आणि फेसाळलेलं ऑइल बेअरिंगला नीट प्रेशर देत नाही.
म्हणून माझं स्पष्ट मत आहे, पद्धत कुठलीही घ्या, पण किती निघालं ते मोजा. मी लिटरमध्ये नाही, वजनात मोजतो. रिकामा कॅन आधी वजन करायचा, भरल्यावर परत. एक लिटर ऑइल साधारण ८५० ग्रॅम भरतं, म्हणजे साडेतीन लिटरला तीन किलोच्या आसपास. गरम ऑइल फुगलेलं असतं, ६० अंशांचा फरक असेल तर साधारण ४ टक्के, त्यामुळे मापाच्या भांड्यात जास्त दिसतं, वजनात तो घोळ होत नाही. आणि पंप घेणार असाल तर पहिल्या वेळी ही दोन्हीकडची तपासणी आपापल्या गाडीवर एकदा करा, मग पुढची दहा वर्षं निवांत.

बोनेटखाली
संथगती, हे फार कामाचं लिहिलंत. माझं चेंबर कसं आहे ते मला माहीतच नाही, हात घालून चाचपून बघतो.

तळटीप
गरम काढायचं की थंड यावर पण बोला ना कुणीतरी. माझे वडील म्हणायचे रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल सकाळी काढावं, सगळं ऑइल वरून उतरून खाली जमलेलं असतं.

संथगती
वडिलांचं म्हणणं चूक नाही, हेड आणि चॅनेलमधलं रात्रभरात उतरतं हे खरं. पण थंड ऑइल जाड असतं. ३० ग्रेडचं ऑइल १०० अंशाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकमध्ये (ऑइलच्या जाडपणाचं माप) बसावं लागतं, तेच ४० अंशाला साठ सत्तरच्या घरात असतं, आणि सकाळच्या गारव्यात त्याच्याही दुप्पट तिप्पट. भिंतींना चिकटलेला थर मग तिथेच राहतो. पंपवाल्यांना थंड ऑइल तर अगदीच नको, हात दुखतील. मी मधला मार्ग घेतो, छोटी फेरी मारून यायचं आणि वीस मिनिटं थांबायचं, ऑइल कोमट गरम, हाताला सोसेल असं. वर भरायचं झाकण आणि डिपस्टिक दोन्ही उघडी ठेवायची म्हणजे हवा आत जाते आणि धार गचके न खाता सलग पडते.

लोखंडी
आणि उकळतं काढायला जाऊ नका. शेवटचे दोन आटे उरले की नट बोटांनी फिरवायचा असतो, तेव्हा आत दाबून धरत फिरवा आणि सुटला की झटकन बाजूला ओढा. गरम ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत धावतं, बाही आत जाते. घमेलं नटाच्या बरोब्बर खाली ठेवायचं नाही, धार आधी हातभर लांब पडते आणि जोर कमी झाला की जवळ जवळ येते, वारा असेल तर आणखी भरकटते.

सावकाश
सगळे ऑइलबद्दल बोलताय, मी जॅकबद्दल बोलतो, रागावू नका. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरू नका. पंक्चरसाठी मिळतो तो कात्री जॅक तर अजिबात नाही. माझ्या डोळ्यांदेखत टायर काढलेली गाडी जॅकवरून सरकली, डिस्क जमिनीत रुतली. मी चाक घ्यायला उठलो होतो, दोन पावलं लांब होतो. त्या दिवसापासून दोन्ही बाजूंना स्टँड, मागच्या चाकांना पुढून मागून गुटके, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, आणि शिरण्याआधी बंपरला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघतो. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवतो, जास्तीचा आधार म्हणून. रँप असतील तर आणखी बरं, फक्त पुढून चढवल्यावर गाडी मागे कलते, त्यामुळे नट चेंबरच्या मागच्या बाजूला असेल तर फायदा आणि पुढच्या बाजूला असेल तर थोडं ऑइल आत राहतं, हे बघून घ्या.

नवागडी
मदत हवी आहे लगेच!! मी आत्ता गाडीखालीच आहे, पहिल्यांदाच करतोय, नट उघडला तर काळं नाही, लालसर पातळ ऑइल आलं, वास पण वेगळाच आहे. दोनेक लिटर आलं असेल. ऑटोमॅटिक गाडी आहे. काय झालं हे?

गोटीपाना
थांबा. नट परत लावा आणि गाडी चालू करू नका, जागेवरसुद्धा नाही. तुम्ही गिअरबॉक्सचं ऑइल काढलंय. नवीन इंजिन ऑइल ओतलंत का?

नवागडी
नाही अजून ओतलं नाही. नट लावला. डिपस्टिक बघितली तर ती मॅक्सला आहे, काळं ऑइल आहे.

गोटीपाना
मग काही बिघडलेलं नाही, वेळेत विचारलंत. ओतलं असतं तर इंजिनमध्ये दुप्पट आणि गिअरबॉक्स कोरडा, दोन्ही गेलं असतं. आलेलं ऑइल स्वच्छ भांड्यात पडलंय का? तसंच झाकून ठेवा, किती आहे ते मोजून लिहून ठेवा. मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सला जो नेमका प्रकार लिहिलाय तोच आणा, रंग जुळला म्हणून दुसरं ओतू नका. जेवढं निघालं तेवढं भरल्यावरच गाडी सुरू करायची. पातळी बघायची पद्धत प्रत्येक गिअरबॉक्सची वेगळी असते, बऱ्याच ठिकाणी ठरावीक तापमानाला बघतात, तेवढं काम जाणत्या माणसाला बोलावून करा. नवीन वायसर पण टाका.
इंजिनचं चेंबर ओळखायला, इंजिन आडवं असलेल्या गाडीत ज्या बाजूला बेल्ट असतो ती इंजिनची बाजू, त्याच्या उलट टोकाला गिअरबॉक्स. ऑइल फिल्टर कुठे आहे तो पण बघा, तो इंजिनलाच असतो. रंगावर फार विसंबू नका, लाल सगळीकडे नसतं.

नवागडी
खूप खूप धन्यवाद काका. निघालेलं ऑइल मोजलं तर २.१ लिटर भरलं. हात थरथरत होते माझे.

डिपस्टिकवाली
नवागडी, हे खूप जणांचं होतं, घाबरू नकोस. पहिल्या वेळी पंपाने केलंस तर ही चूक होऊच शकत नाही, इंजिनच्या डिपस्टिकमधून इंजिनचंच ऑइल येतं. फक्त काही ऑटोमॅटिक गाड्यांना गिअरबॉक्सची पण वेगळी डिपस्टिक असते, तेवढं बघ. आणि अलीकडच्या बऱ्याच बीएमडब्ल्यूंना डिपस्टिकच नसते, पातळी स्क्रीनवर दिसते, तिथे पंप घालायला जागा नाही.

चारचाकी
व्हॉल्व्हबद्दल कुणीच बोललं नाही. मी फ्यूमोटो कंपनीचा पाव फेऱ्यात उघडणारा व्हॉल्व्ह चार वर्षांपूर्वी बसवलाय. पाना लागत नाही, बोटाने खटका उचलायचा, दांडी फिरवायची, खालच्या तोटीला नळी लावली की थेट कॅनमध्ये. जमिनीवर एक थेंब नाही. चेंबरचे आटे कायमचे वाचतात कारण ते परत उघडायचेच नाहीत. तोटे पण सांगतो. भोक मूळ नटापेक्षा लहान आहे, त्यामुळे रिकामं व्हायला माझ्याकडे पंचवीस मिनिटं लागतात. त्याचे आटे चेंबरच्या आत थोडे वर येतात, त्यामुळे तळाला पातळ थर राहतो. आणि तो नटापेक्षा खाली लोंबतो, गाडी बुटकी असेल किंवा खडबडीत रस्त्याने जात असाल तर आधी चेंबरच्या तळापासून माप घ्या. माझ्याकडे खाली गार्ड आहे म्हणून मी निर्धास्त आहे. बोनेटखाली, तुमच्या खराब आट्यांत मात्र व्हॉल्व्ह बसवू नका, आधी बुश.

हिरवळ
निघालेल्या ऑइलचं काय करता ते पण लिहा ना कुणीतरी. मी मनापासून सांगते, गटारात नको, मातीत नको, झाडांना वाळवी लागू नये म्हणून तर नकोच नको. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एका ऑइल चेंजचं वापरलेलं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यात कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल काही मिसळू नका कारण मिसळलेलं ऑइल परत शुद्ध करायला कुणी घेत नाही, आणि जिथे वापरलेलं ऑइल जमा करतात तिथेच द्या. पंपवाल्यांना हे सोपं पडतं, टाकी थेट कॅनमध्ये उलटी करता येते. जुना फिल्टर पण रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या, त्यात दोनशे तीनशे मिली असतं. आणि हातमोजे घाला हो, वापरलेलं ऑइल वर्षानुवर्षं कातडीला लागणं चांगलं नाही.

लोखंडी
फिल्टरवरून आठवलं. जुना काढला की त्याचं रबर त्याच्याबरोबर आलंय का ते बघा. ते इंजिनला चिकटून राहिलं आणि त्यावर नवीन बसवला तर दोन रबरं एकमेकांवरून सरकतात आणि गाडी सुरू केल्या केल्या सगळं ऑइल बाहेर. मी एकदा हे अनुभवलंय, तीन लिटर वीस सेकंदात जमिनीवर होतं. तेव्हापासून बोट फिरवून जागा चाचपल्याशिवाय नवीन फिल्टर लावत नाही.

बोनेटखाली
काम झालं, सविस्तर लिहितो. आधी कोमट करून पंपाने ओढलं, वजनाने २.५ किलो, म्हणजे २.९ लिटरच्या जवळ. मग नट उघडला तर खालून आणखी ३०० ग्रॅम आलं. संथगती, तुमचं खरं निघालं, माझंही चेंबर पायरीचंच आहे, चाचपल्यावर कळलं. फिल्टरमधून २०० ग्रॅम. एकूण बरोबर तीन किलो, म्हणजे जवळजवळ सगळंच बाहेर आलं.
नंतर टॅपला ग्रीस लावून काकांनी सांगितलं तसं सावकाश केलं, दोन तास लागले. ग्रीसमध्ये चंदेरी चमकी इतकी येत होती की चार वेळा टॅप पुसून परत भरला. बुश बसवला, अर्धा लिटर ऑइल ओतून वाहून घेतलं, खाली पांढरं कापड धरलं होतं, त्यावर शेवटी एकही कण नव्हता. नवीन वायसर, मॅन्युअलमध्ये ३० होतं तेवढंच लावलं आणि पाना खाली ठेवला, पुढे हात गेला नाही. ३.३ लिटर भरून पाच मिनिटं चालवली, थांबून डिपस्टिक बघितली, मग थोडं थोडं करून मॅक्सच्या जरा खाली आणलं.
आज तिसरी सकाळ. पुठ्ठा उचलून उजेडात धरून बघितला, कोरडा आहे.

गोटीपाना
छान. हजार किलोमीटर झाले की एकदा बुशाच्या कडेने बोट फिरवून बघा, ओल नसेल तर परत बघायची गरज नाही.